फाटकाच्या आतलं डांबर आणि फाटकाबाहेरचा रस्ता

आमच्या आपट्यात आणि आसपासच्या गावांत गेल्या काही वर्षांत घरांचं रूप पार पालटलं. कौलं गेली, स्लॅब आला. कुणी आखातातून पैसे पाठवले, कुणी मुंबई-पनवेलला नोकरी करून साठवले, कुणी रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांत पाळ्या करून घर उभं केलं. मग दारात चारचाकी आली. चारचाकी आली की फाटकापासून पोर्चपर्यंतचा रस्ताही पक्का हवा. ज्या अंगणात आमच्या नानी-दादी पापड वाळवायच्या, तिथे आता डांबर किंवा काँक्रीट पडतं.

यात वाईट काही नाही. हलालच्या कमाईतून माणसाने आपलं घर नीटनेटकं केलं, पावसाळ्यात म्हाताऱ्या आई-बापाचा पाय चिखलात जाऊ नये म्हणून दारात रस्ता केला, तर त्याला कोण नावं ठेवील? माझं म्हणणं वेगळं आहे. फाटकाच्या आतलं डांबर ही आपली खासगी बाब आहे, असं आपण समजतो. ती तशी नाही. त्या डांबराचा माल कुठून आला, त्याच्यावर पडलेलं पाणी कुठे गेलं आणि त्याची उंची किती झाली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं फाटकाच्या बाहेर आहेत. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहितो आहे. कामाची माहितीही देतो आणि त्यामागचं माझं मतही मांडतो.

पहिली गोष्ट पाण्याची. आपटा पाताळगंगेच्या काठी, कर्नाळ्याच्या डोंगररांगेजवळ वसलेलं आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. आता एक साधा हिशोब करू. फाटकापासून पोर्चपर्यंत तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद रस्ता धरा. म्हणजे तीनशे चौरस फूट. त्यावर एका पावसाळ्यात साधारण ८४ हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे आठ टँकर भरून उरेल इतकं.

पूर्वी हेच पाणी मातीच्या अंगणावर पडायचं. त्यातलं बरंच जमिनीत मुरायचं, विहिरीला लागायचं, उरलेलं पन्हळीतून परसात जायचं. डांबर पाणी मुरू देत नाही. आठ टँकर पाणी कुठेतरी जाणारच. घरात येऊ नये म्हणून आपण उतार फाटकाकडे देतो. फाटकाबाहेर गल्ली असते, गल्लीत गटार नसतं किंवा असलं तरी तुंबलेलं असतं. मग ते पाणी गल्लीच्या डांबरावर साचतं, नाहीतर समोरच्या बसक्या घराच्या पडवीत शिरतं. अशी दहा घरं एका गल्लीत झाली, की ऐंशी टँकरांचा हिशोब होतो. गल्लीतला रस्ता दोन पावसाळ्यांत का उखडतो, याचं एक उत्तर इथे आहे. सगळा दोष ठेकेदाराचा नसतो. तो असतोच, त्याच्याकडे मी येतो. पण आपला वाटा आधी मोजला पाहिजे.

डांबराचा खरा वैरी गाडीचं वजन नव्हे, साचलेलं पाणी आहे. हे समजायला रस्ता कसा बनतो ते पाहावं लागेल. आपण ज्याला डांबर म्हणतो ते आज कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून निघणारं बिटुमेन असतं. दगडी कोळशापासून निघणारं जुनं डांबर वेगळं; आपल्या बोलीत दोघांना एकच नाव राहिलं. रस्त्याच्या काळ्या थरात हे बिटुमेन वजनाने पाच टक्क्यांच्या आसपासच असतं. बाकी सगळी खडी आणि बारीक कच. बिटुमेनचं काम एवढंच, की खडीला खडी धरून ठेवायची. खडी ओली राहिली की पाणी हळूहळू त्या दोघांच्या मधे शिरतं आणि पकड सुटते. वरून चाक गेलं की खडी बाहेर उडते. एक खडी गेली की शेजारची सैल होते. खड्डा असा तयार होतो. खालचा मुरूम भिजून मऊ झाला असेल, तर मग काही विचारूच नका.

म्हणून रस्त्याची ताकद वरच्या काळ्या थरात कमी आणि खालच्या भरावात जास्त असते. घरासाठी करायचं तर आधी वरची माती काढावी लागते. आपल्याकडे बरीच नवी घरं भातखाचर भरून उठली आहेत. अशा भरावाला किमान एक पावसाळा बसू द्यावा. त्यावर दगडांचं सोलिंग, मग खडी आणि मुरूम, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर. त्यावर इमल्शनचा पहिला हात. तो पूर्ण सुकायला हवा. मग दोनेक इंच जाडीचा गरम माल. बाजूंना चिरा किंवा काँक्रीटची कडा हवी. कडा नसेल तर डांबर कडेने तुटत आत येतं. आणि उतार शंभराला दोन किंवा अडीच. दहा फूट रुंदीत एका बाजूला अडीच-तीन इंच उतार पुरतो. तो उतार गल्लीकडे नव्हे, आपल्याच हद्दीतल्या चराकडे द्यावा. त्या चराच्या तोंडाशी खडी भरलेला शोषखड्डा करावा, म्हणजे काही पाणी जमिनीला परत मिळेल. भर पावसात जमीन तुडुंब झाली, की उरलेलं पाणी गटाराला जाईल. पण आठही टँकर शेजाऱ्याच्या दारात जाणार नाहीत.

खरं सांगायचं, तर इतक्या छोट्या कामाला डांबर प्रत्येक वेळी शहाणपणाचंही नाही. तीनशे चौरस फुटांना दोन इंच जाडीचा माल म्हणजे साधारण सव्वातीन टन. प्लांटमधून माल निघतो तेव्हा तो १५० ते १६० अंश सेल्सियसला असतो आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी त्याच्यावर रोलर फिरून झाला पाहिजे. थोडा माल लवकर थंड होतो. मोठा रोलर फाटकातून आत येत नाही, लहान रोलर मिळत नाही. मग फावड्याने पसरून वरवर दाबलेलं डांबर पहिल्याच पावसाळ्यात खडी सोडतं. ज्यांच्या दारात दिवसाला एकच गाडी येते-जाते, त्यांनी चाकांपुरत्या दोन पट्ट्या दगडाच्या किंवा काँक्रीटच्या करून मधली जमीन मोकळी सोडली, तरी काम भागतं. पाणीही मुरतं आणि पैसाही वाचतो.

आता मालाची गोष्ट. ही जरा कडू आहे. गावात किंवा जवळच्या रस्त्यावर सरकारी डांबरीकरण चालू असलं, की संध्याकाळी कुणीतरी फाटकाशी येतो. “चाचा, गाडीत माल उरलाय, फेकूनच द्यायचा आहे. अर्ध्या भावात घालून देतो.” आमच्या मोहल्ल्यात हे मी एकदा नव्हे, अनेकदा ऐकलं आहे. आणि चांगली, पाच वक्तांची नमाज पढणारी माणसंही “फुकट जाणार होतं, आपण सत्कारणी लावलं” असं म्हणून तो माल घेतात.

उरलेला माल! विचार करा. रस्त्याचं मोजमाप ठरलेलं असतं, जाडी ठरलेली असते, त्यानुसार माल येतो. तो जर रोज संध्याकाळी अर्धी गाडी उरत असेल, तर तो उरत नाही, उरवला जातो. रस्त्यावर दोन इंचांच्या जागी दीड इंच पडतो तेव्हा अर्धा इंच आपल्या अंगणात येतो. जो रस्ता दवाखान्याकडे, स्टेशनाकडे, कब्रस्तानाकडे जातो, त्याच्या अंगावरचा तो तुकडा आहे. तो सगळ्या गावाचा आहे. आपल्या हिंदू शेजाऱ्याचा, आदिवासी वाडीवरच्या माणसाचाही आहे. खाण्यापिण्यात हलाल-हराम आपण बारकाईने पाहतो आणि ते बरोबरच आहे. तीच बारीक नजर या काळ्या मालावर का जात नाही? माझ्या मते हा माल घेणं ही अमानतीत खयानत आहे. त्याला स्वस्ताई म्हणू नये. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही तो सौदा तोट्याचा. संध्याकाळपर्यंत गाडीत थंड झालेला माल दबत नाही, टिकत नाही. त्याची पावती नसते, हमी नसते, आणि उखडल्यावर तो माणूस सापडत नाही.

तिसरी गोष्ट उंचीची. दर पाच-सात वर्षांनी गल्लीत जुन्या डांबरावर नवं डांबर चढतं. जुनं खरवडून काढायचे कष्ट कुणी घेत नाही. रस्ता दर खेपेला काही इंचांनी वर येतो. मग ज्याच्याकडे पैसा आहे तो आपलं अंगण रस्त्याहून वर घेतो, पुढच्या खेपेला रस्ता त्याच्याहून वर जातो. या शर्यतीत हरतं कोण? जिचं घर जुनं आहे, जोतं बुटकं आहे आणि मुलं कमावती नाहीत ती. आमच्याकडे एका वयस्क खालांच्या घराला पूर्वी रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून जावं लागायचं. आज एकच पायरी उरली आहे. दोन पायऱ्या रस्त्याने गिळल्या. जुलैच्या रात्री त्या उंबऱ्याला गोणपाट लावून बसतात. त्यांच्या घरात पाणी कुणी जाणूनबुजून सोडलेलं नाही. प्रत्येकाने फक्त आपल्यापुरतं चांगलं काम केलं आहे.

रस्त्याच्या हक्काविषयी आपल्या दीनमध्ये किती स्पष्ट शिकवण आहे! रस्त्यातली इजा देणारी वस्तू दूर करणं हे इमानच्या शाखांपैकी एक असल्याचं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं. रस्त्यावर बसणाऱ्यांना त्यांनी रस्त्याचा हक्क अदा करायला सांगितलं, आणि त्या हक्कात कुणाला त्रास न देणं येतं. वाटेच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात वाट सोडावी, असाही निवाडा हदीसमध्ये आला आहे. चौदाशे वर्षांपूर्वी, जेव्हा वाटेवर उंट चालत होते, तेव्हा. हे वाझमध्ये आपण ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन फाटकाचा उतार, म्हणजे रॅम्प, गल्लीत दीड हात पुढे काढतो. रस्त्यातून काटा उचलणं जर नेकी असेल, तर रस्त्यात पाणी सोडणं, रॅम्प पुढे काढणं याला काय म्हणायचं, ते ज्याने त्याने ठरवावं.

आता ठेकेदाराकडे आणि सरकारकडे येतो. डांबराचा रस्ता टिकतच नाही, हे खोटं आहे. पुण्याचा जंगली महाराज रस्ता त्याचा पुरावा आहे. १९७० च्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीने तो हॉट मिक्स पद्धतीने बांधला आणि दहा वर्षांची हमी दिली. हमीचा काळ संपल्यावरही तो रस्ता कित्येक दशकं खड्ड्यांविना राहिला. पुण्यात पाऊस आपल्याहून खूप कमी, हे मान्य. पण त्या रस्त्याचं रहस्य पावसात नाही, हमीत आहे. ज्याला दहा वर्षं स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करायची आहे, तो पाण्याचा निचरा विसरत नाही आणि संध्याकाळी माल उरवत नाही.

आपल्या गावांतही अशी तरतूद आहे, फक्त आपल्याला माहीत नसते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर बांधल्यानंतर पाच वर्षं देखभाल करण्याची जबाबदारी ठेकेदारावर असते. रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो, त्यावर लांबी, खर्च, काम पूर्ण झाल्याची तारीख, देखभालीचा काळ लिहिलेला असतो. आपण त्या फलकाला पाठ टेकून रिक्षाची वाट पाहतो, पण तो वाचत नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. रस्ता किती जाडीचा मंजूर होता आणि किती पडला, हे विचारण्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

आणि हा पैसा काही सरकारची खैरात नाही. आपल्याच महाराष्ट्रातले मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्ते करावेत, ही तिची शिफारस. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. म्हणजे जवळपास शंभर वर्षं पेट्रोल भरणारा माणूस रस्त्याचे पैसे मोजतो आहे. पनवेल ते इंदापूर हे मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून आपण पाहतो आहोत. त्या वाटेवर वर्षानुवर्षं खड्ड्यांतून जाताना हे पैसे आठवायला हवेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं, की सुस्थितीतले रस्ते हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण माणूस गेल्यावर सहा लाखांचं काय करायचं? मुंबईतले भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे यांचा तरुण मुलगा प्रकाश जुलै २०१५ मध्ये रस्त्यावरच्या खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात गेला. त्यानंतर हा बाप स्वतः घमेलं-फावडं घेऊन शहरातले खड्डे बुजवू लागला; त्याने शेकडो खड्डे बुजवले. दुसऱ्याच्या मुलाला वाचवण्यासाठी रस्त्यातली इजा दूर करणारा हा माणूस. मला तर त्या हदीसचा अर्थ त्यांच्या कामात दिसतो.

सरकारला जाब विचारायचाच. पण विचारताना आपले हातही पाहावेत. गल्लीतल्या डांबराला भोकं कोण पाडतं? लग्नाचा मांडव आपलाच, उरुसाचा आपलाच, गणपतीचा आपल्याच शेजाऱ्यांचा. लोखंडी पहारीने रस्त्यात खुंट्या ठोकल्या जातात, मांडव उतरला की भोकं तशीच राहतात. त्याच भोकांतून जूनमध्ये पाणी आत जातं. नळाचं कनेक्शन घ्यायला आडवा चर खणतो, पाइप टाकून वर मातीचा ढीग लोटतो, आणि सहा महिन्यांनी त्या चरावर रिक्षा आपटली की “रस्त्याची काय अवस्था झाली आहे” म्हणतो. गौरी-गणपती नेमके भर पावसात येतात. डोक्यावर मूर्ती घेऊन चालणाऱ्याचा पाय आणि खांद्यावर जनाजा घेऊन चालणाऱ्याचा पाय त्याच खड्ड्यात जातो. खड्डा जात-धर्म पाहत नाही.

देखभाल फार खर्चिक नसते, फक्त वेळेवर करावी लागते. मृग लागण्याआधी गटार आणि मोरी साफ करावी. दिवाळीच्या सुमारास जमीन वाळली की रस्त्याचे तडे पाहावेत. तडा बारीक असतानाच स्वच्छ करून त्यात इमल्शन ओतलं आणि वर बारीक कच टाकली, तर खड्डा होतच नाही. खड्डा झालाच, तर त्यात घराचा राबिट आणि मुरूम टाकू नये. तो पहिल्या सरीत वाहून जातो आणि गटार बुजवतो. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापाव्यात, आतली माती व पाणी काढावं, इमल्शनचा हात मारावा, माल भरून आजूबाजूच्या पातळीहून किंचित वर ठेवून दाबावा. ऐन पावसाळ्यासाठी थंड मिश्रणाच्या पिशव्या मिळतात. डिझेल-पेट्रोल डांबराला विरघळवतं, कारण दोघांचं मूळ एकच. गाडीतून गळती असेल तर लगेच माती टाकून ते टिपून घ्यावं. डांबरावर कचरा जाळू नये. उन्हाळ्यात मोटारसायकलच्या स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवावा. नव्या डांबरावर गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवू नये.

हे सगळं सांगून शेवटी पैशाचा प्रश्न येतो. बांधायला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही. मशिदीच्या नव्या मिनारासाठी, नव्या टाइल्ससाठी लोक पटकन हात सैल करतात. मशिदीकडे जाणाऱ्या वाटेच्या गटारासाठी वर्गणी मागितली की “ते ग्रामपंचायतीचं काम” असं उत्तर येतं. आपल्या पूर्वजांना हा प्रश्न सुटला होता. वक्फची कल्पनाच मुळी देखभालीची आहे. मूळ मालमत्ता विकायची नाही, तिच्या उत्पन्नातून काम चालू ठेवायचं. पूल, सराया, विहिरी, वाटा यांसाठी मुस्लिम जगात जागोजागी वक्फ केले गेले. देणारा मरून गेला तरी पूल दुरुस्त होत राहायचा. सदका-ए-जारिया म्हणतात ते हेच. आपण त्यातलं ‘जारिया’ विसरलो आणि उद्घाटनाची फीत तेवढी लक्षात ठेवली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जो कुणी यंदा दारात डांबर घालणार आहे, त्याने त्या खर्चाचा दहावा हिस्सा बाजूला काढावा आणि त्यातून फाटकासमोरचं गटार नीट करावं. प्रत्येक मोहल्ल्याने वर्षाला घरटी थोडी रक्कम जमवून गल्लीचा देखभाल निधी ठेवावा. त्यात आळीतल्या सगळ्यांना घ्यावं, हिशोब चौकात लावावा, मांडव आणि नळ-कनेक्शनसाठी रस्ता फोडणाऱ्याकडून आधी अनामत घ्यावी. जमातीने पुढाकार घ्यायला हरकत नाही, पण निधी गल्लीचा असावा. ग्रामपंचायतीकडे जाब मागणं त्याने थांबत नाही. उलट स्वतःचा हिशोब चोख असलेल्या माणसाला जाब मागायला जोर येतो. आणि संध्याकाळी कुणी उरलेला माल घेऊन फाटकाशी आला, तर त्याला एवढंच सांगावं, की बाबा, जिथून आणलास तिथेच घाल. तोही आमचाच रस्ता आहे.